उलट गुंडाळलेल्या पट्ट्या

उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला सरांनी आमच्या दोघीदोघींच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला रोपवाटिकेत मोसंबीची कलमं तयार करायला दिली. माझ्या वाट्याला आलेली मुलगी गारखेड्याची. वडील इंजिनिअर, आजोबाही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मी पिशोरच्या पुढच्या एका वस्तीवरची, मेंढरांच्या घरातली. माझं नाव ऐकल्याबरोबर ती सरांकडे गेली आणि जोडी बदलून मागितली. सरांनी नाही म्हटलं, ते काही माझ्याकडे बघून नव्हे. त्यांना जोड्या पुन्हा लावायचा कंटाळा होता.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी आमचं गूळपीठ जमलं असेल अशी कुणी वाट बघू नये.

पिशव्या भरायला मी घरून लेंडीखताची पोती आणली होती. तिने ओढणी नाकाला लावली आणि बाकीच्या मुलींना म्हणाली की आता शेडलाही हिच्यासारखाच वास येणार. मी चार पावलांवर उभी होते, हे तिला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं खत मी ती जिथं स्कूटी लावायची तिथं नेऊन ओतलं आणि वरून पाणी मारलं. तिने तक्रार केली. सरांनी मला बोलावून झापलं. मी ऐकून घेतलं, पण खत उचललं नाही.

डोळे बांधायची वेळ आली तेव्हा आणखी फाटलं. काम तसं नाजूक असतं. रंगपूर लिंबाच्या रोपाचं खोड पेन्सिलीएवढं झालं की त्याच्या सालीत उभा-आडवा काप घ्यायचा, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढून त्यात बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. डोळा हिरवा राहिला तर कलम जगलं, तपकिरी पडला तर गेलं. मी डावखुरी. चाकू डाव्या हातात घेतला तशी ती म्हणाली, आमच्याकडे चांगल्या कामाला डावा हात लावत नाहीत.

लहानपणी या हातावर मी घरच्यांचा मार खाल्लाय. तिचं ऐकून घ्यायचं मला काही कारण नव्हतं. मी म्हणाले, तू तुझा उजवा चालव, माझ्या हाताकडं बघू नको. त्या दिवशीच आम्ही वाफा वाटून घेतला. दारापासून अर्धा माझा, पलीकडचा तिचा.

ती काडीवरचे डोळे काढून ठेवायची आणि फोनवर बोलत बसायची. डोळे उन्हात सुकायचे, मग तेच ती बांधायची. मी बघत होते. सांगितलं नाही. जानेवारी संपता संपता तिच्या एकूणएक पिशव्या मेल्या. माझ्या बाजूला हिरवे कोंब वर निघाले. उशिरा बांधलेल्या डोळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या सोडायच्या राहिल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी मेसमध्ये पोहे उशिरा आले, म्हणून मला शेडवर पोचायला वेळ झाला. पोचले तर माझ्या जागेवर मेलेल्या पिशव्यांची रांग. माझी कलमं पलीकडे, तिच्या अर्ध्यात नीट मांडलेली. ती त्यांच्या शेजारी ॲप्रन घालून उभी. बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक आणि आमचे सर शेजारच्या वाफ्यापर्यंत आले होते. पिशव्या परत हलवायला वेळ नव्हता.

परीक्षकांनी तिला विचारलं, ही कलमं कुणी बांधली. तिने सांगितलं की ही सगळी तिची आहेत, दारापाशी आहेत ती माझी, आणि मी मुख्यतः पाणी द्यायचं काम करायचे. तिचा आवाज अजिबात कापला नाही. शिवीच येणार होती तोंडात. ती गिळली आणि म्हणाले,

"सर, मी डावखुरी आहे. माझी पट्टी उलट्या बाजूनं गुंडाळली जाते. पट्ट्या बघा."

परीक्षक वाकले. एक पिशवी उचलली, फिरवून बघितली, मग दुसरी. मग दारापाशी जाऊन मेलेल्यांतली एक बघितली. त्यांनी आम्हा दोघींच्या हातात एकेक चाकू दिला आणि त्यांच्यासमोर एकेक डोळा बांधायला लावला. माझा डोळा पहिल्यांदाच नीट बसला. तिने पट्टी तीनदा सोडून बांधली. दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्यावर विचारायचं काही राहिलंच नाही.

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सर लाल झाले होते. ते म्हणाले, काम जोडीचं आहे, मार्कही जोडीलाच मिळतील. पाहुणे चहाला गेल्यावर सर परत आले आणि बाहेरच्या माणसापुढं कॉलेजची शोभा केलीस म्हणून मलाच बोलले. तिला एक शब्द नाही. मी म्हणाले, शोभा पिशव्या हलवणारीनं केली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत सर माझ्याशी बोलले नाहीत. मार्क दोघींना सारखेच पडले.

जगलेली कलमं विद्यार्थ्यांनी घरी न्यायची होती. माझे वडील, आबा, शेजाऱ्याचा पिकअप घेऊन आले. आम्ही पिशव्या चढवत होतो तेवढ्यात ती तिच्या वडिलांना घेऊन आली. ते आबांपेक्षा वयाने लहान असतील. आल्या आल्या म्हणाले, "यातली अर्धी उतरव. माझ्या मुलीची आहेत."

आबांनी त्यांना साहेब म्हटलं. साहेब, पोरींचं काय ठरलंय ते मला ठावं नाय, तुमची असतील तर घिऊन जावा. आणि खरंच एक पिशवी उचलून खाली ठेवली. मला तिच्या बापापेक्षा माझ्या बापाचा राग आला. मी ती पिशवी उचलून परत गाडीत ठेवली.

"आबा, एकबी द्यायचं नाय. तिनं एक डोळा जगवला नाय यातला."

तिचे वडील हसले आणि तिला म्हणाले, "जाऊ दे. यांच्या मेंढ्यांना चारा होईल."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी रुमालाने हात पुसले, गाडीचं मागचं फाळकं लावलं, कडी घातली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बस गाडीत." साहेब हा शब्द त्यांनी परत काढला नाही. कन्नड आल्यावर त्यांनी विचारलं की एवढे दिवस हे घरी का सांगितलं नाहीस. मी म्हणाले, सांगितलं असतं तरी तुम्ही तिलाबी साहेबच म्हटलं असतं. त्यांना ते लागलं. मी शब्द मागे घेतला नाही.

कलमं विहिरीच्या बाजूला लावली. काही पहिल्याच उन्हाळ्यात गेली, बाकीची वाढतायत.

आता आम्ही दोघी एमएस्सीला आहोत, त्याच विभागात. ती फुलशेतीकडे, मी फळांकडे. प्रयोगशाळा एकाच मजल्यावर, जिना एकच आणि तोही अरुंद. समोरासमोर आलो की कुणीतरी एकीने बाजूला व्हायला पाहिजे. ती होत नाही, मीही होत नाही. खांदे आपटतात आणि आम्ही आपापल्या वाटेने जातो.