सरदारीणबाईंचा चावा

परवा इथे आखातात, अल मन्सूरा भागातल्या दुकानातून आणलेली कोकम आगळाची बाटली उघडली आणि त्या वासाने माझी मान आपोआप आखडली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात हेच आगळ रक्त म्हणून वापरलं होतं. रक्त पिणाऱ्या सरदारीण होत्या शेजारच्या वहिनी. त्या ज्याला चावतात त्या गड्याचं काम आदल्या वर्षी त्यांचे यजमान करणार होते. ते तेव्हा अचानक वारले, नाटक राहिलं, म्हणून या खेपेला त्यांचा कोट माझ्या अंगावर आला. घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी, साइटवर माझा शब्द चालतो, पण तालमीत वहिनी ओरडायच्या, "इंजिनियरसाहेब, मान द्या मान! डिग्री काय देताय चावायला?" सगळे हसायचे, त्या सगळ्यांत मोठ्याने. प्रयोगाला मात्र विंगेत त्यांना खोटे सुळे बसवता येईनात. "ह्यांच्याशिवाय जमेल ना रे मला?" मी सरळ सांगितलं, "नाही जमलं तर मी आधीच मरून पडतो, नाटक खलास. यल्ला, चला." त्या गेल्या, गरजल्या, चावल्या, आणि माझ्या खांद्यावरून डोकं उचलेचनात. कॉलर ओली होत गेली. "हलू नकोस," त्या पुटपुटल्या. मग एकदम ताठ होऊन त्यांनी नाटकात नसलेलं वाक्य फेकलं, "शी! अळणी रक्त! ह्याला कोणी जेवायला घालतं की नाही?" हॉल हसून लोळला. मंडळात लोक अजून विचारतात, एवढा वेळ बाई करत काय होत्या? मी सांगतो, रक्त पीत होत्या.