आत्याची चूल पेटली नाही

"तो कप तिकडं माडाच्या मुळात टाक हो. डस्टबिनात नको."

संजूच्या आईनं हे अगदी गोड सांगितलं. मी कागदी कप घेऊन उठलो, अंगणात गेलो, माडाच्या मुळात टाकला. तिथं आधीचे दोन-तीन पडले होते, भिजून लगदा झालेले. संजू पडवीत झोपाळ्यावर बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत होता. त्याचा कप आत जाणार होता, घासायला.

मी परत येऊन बसलो. हसलोसुद्धा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात मी काही बिचारा नव्हतो.

मी पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर. बहिणीच्या लग्नासाठी रजा काढून गावी आलेलो. आमची बौद्धवाडी खाली, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागून. संजूचं घर वर, कलमांच्या बागेत. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. म्हणून मंगळवारी पहिली पत्रिका त्यालाच द्यायला गेलो.

"येणार म्हणजे काय! तुझ्या बहिणीच्या लग्नाला नाय येणार?" संजू म्हणाला. मग पत्रिका उलटीसुलटी करत, सहज: "जेवण कोण करतंय रे?"

सहज. पण मला कळलं. न कळायला मी काय पुण्यात जन्मलो?

"बाहेरून सांगितलंय," मी म्हणालो. "रत्नागिरीतला केटरर."

धादांत खोटं. जेवण आत्या करणार होती. वाडीतल्या प्रत्येक लग्नात तीच करते. तिच्या काळ्या वाटाण्याच्या आमटीसाठी लोक पोट भरलं तरी उठत नाहीत. आणि हे तर तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न. आठ दिवस आधीच तिनं परसात चिरे मांडून दोन चुली केल्या होत्या, लाकडं फोडून ठेवली होती.

आणि मी काय केलं? खोटं बोललो ते गिळायचं सोडून खरं करायला निघालो. त्याच दुपारी रत्नागिरीत जाऊन केटरर ठरवला. वर पाण्याच्या सीलबंद बाटल्या. संध्याकाळी आत्याला म्हटलं, "आत्ये, तू दमतेस. या वेळी खुर्चीवर बस, पाहुणीसारखी."

ती लाकडं रचत होती. "माझ्या हातांना काय झालं रे बाबू?"

"काय नाय गं. तुझ्यासाठीच."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "वरचे येणार हायत काय?"

मी मोबाइल बघायला लागलो.

ही माझी आत्या तरुणपणी संजूच्याच बागेत कामाला जायची. आंब्याच्या दिवसांत दुपारनंतर चहा मिळे. बाकीच्या बायांना कपात, आमच्या बायांना करवंटीत. एक दिवस तिनं भरलेली करवंटी मातीत पालथी घातली. "मी चहा सोडला," म्हणाली. तेव्हापासून आजतागायत चहाचा थेंब घेतलेला नाही. लोकांना वाटतं पित्तामुळं. मला खरं ठाऊक होतं, लहानपणी तिच्याच तोंडून ऐकलेलं. आणि मी, तिच्या भावाचा शिकला-सवरला मुलगा, त्याच घरून कागदी कप थेंब न ठेवता पिऊन आलो होतो.

रविवारी लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली. संजू आला, सोबत शाळेतले दोघं. फोटो काढले, गळाभेटी झाल्या. मी त्यांना हाताला धरून जेवणाकडं नेलं. पांढऱ्या टोप्या घातलेले वाढपी उभे होते. "बघ, सगळं केटररचंच आहे," मी म्हणालो. असं म्हणालो मी! माझ्याच मांडवात!

संजूनं बाटलीचं सील फोडलं, दोन घोट घेतले, छातीवर हात ठेवला. "जेवलो असतो रे. पण आज संकष्टी."

"माझी पण," दुसरा म्हणाला.

संकष्टी परवा झाली होती. पुळ्याच्या रस्त्यावरच्या माणसाला त्यासाठी पंचांग लागत नाही. संकष्टीला पहाटेपासून गाड्यांची रांग आमच्या दारावरून जाते. आमच्या मांडवाच्या खुर्च्यांचा टेम्पो परवा त्याच गर्दीत तासभर अडकला होता.

माझे कान तापले. आधी शरमेनं, राग मागून आला. ज्यांच्यासाठी आत्याची चूल पेटू दिली नाही, त्यांना चूल कोणाची याच्याशी देणंघेणंच नव्हतं. मांडव आमचा होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

"संकष्टी परवा झाली," मी मोठ्यानं म्हणालो.

"अरे, सोड ना. लग्नाच्या दिवशी कशाला..."

"जेवायचं नसेल तर जेवू नको. देवाला मध्ये घालू नको. आणि आईला विचार, आमचा कप मुळात टाकला तर माड बाटत नाय काय?"

संजू आणि दुसरा तडक निघाले. तिसरा जरा घुटमळला, ताटांकडं पाहिलं, मग तोही गेला.

मला वाटलं, झालं, दाखवली जागा. छाती काढून आत्याला शोधत परसात गेलो. ती न पेटवलेल्या चुलीजवळ एका चिऱ्यावर बसली होती.

"जेवलीस?"

"नाय."

"त्यांना घालवलं मी, आत्ये."

"ऐकलं." तिनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "त्यांनी तुला आज नाय म्हटलं. तू मला मंगळवारीच म्हटलंस."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती "जाऊ दे रे बाबू" म्हणाली असती, आणि मी सुटलो असतो. मला सुटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा चिरे उचलायला आले. मी म्हटलं, राहू देत. पुढल्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न आहे. आत्यानं जेवण करायला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीच म्हणाली तर लाकडं मी फोडीन, आमटी मी ढवळीन, तिच्या शिव्या खात शिकेन. केटरर येणार नाही.

पत्रिका मात्र वर जाईल. संजूच्याही घरी. पडवीत उभ्यानं देईन. चहा विचारला तर सांगेन, मी चहा सोडला. आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच सांगेन: जेवण आमच्या चुलीवरचं आहे. जेवणार असलास तरच ये.