मुठीचं माप

सुईत दोरा ओवून घ्यायला शेजाऱ्यांची दारं वाजवायची वेळ आली, तेव्हा टेलर मास्तरांनी दुकान बंद केलं. माणूस घरी बसला की पेपर वाचतो, सकाळी फिरायला जातो. मास्तरांनी भंगारातून ग्राइंडर आणला. मागोमाग एक ड्रिल आलं, आणि सरसर पट्टा फिरवून लाकूड घासणारं एक मशीन. तिन्ही यंत्रं वयाने मास्तरांएवढी आणि स्वभावाने आक्कासारखी. ग्राइंडर बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा, लाकडाच्या चिपटीने चाक ढकललं की मग मनावर घ्यायचा. ड्रिलची वायर डावीकडे वाकवून धरावी लागे. जरा उजवीकडे गेली की ते रुसलंच.

आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दोघंही एकटी पडली आणि एका घरात राहायला आली. स्वयंपाकघर आक्काचं, बाहेरची खोलीही आक्काचीच. मास्तरांच्या वाट्याला मागची गॅलरी आली होती, तीही आक्काच्या कृपेने.

मग न्हाणीत पाय घसरून आक्काचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं पुरती मिटेनात. सुरी धरली की निसटायची. भाजी चिरायचं काम मास्तरांकडे आलं. फोडी बघून आक्का म्हणायची, "बाळ्या, बटाटा चिरलास की बाही बेतलीस?"

तोवर ठीक होतं. पण एक दिवस तिने टोमणा मारला नाही, निमूट जेवली आणि लेकीला फोन लावला. "रविवारी ये न्यायला. आयतंच खायचं तर तुझ्याकडे खाईन."

मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आक्का गेली तर या घरात भांडायला एक ग्राइंडर तेवढा उरणार होता.

"तुझ्या हाताला बसेल अशी सुरी करतो," ते म्हणाले.

"कर की. काजं-बटणं पण लाव तिला."

मोठ्या करवतीचं मोडकं पातं त्यांच्याकडे होतं. त्यावर खडूने आकार आखला आणि ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडाल्या की मास्तर पातं चटकन पाण्यात बुडवत. इस्त्रीखाली कापड करपायच्या आधी वास तरी येतो, लोखंड मात्र न सांगता निळं पडतं आणि धारेचा दम जातो. मुठीसाठी जुन्या खुर्चीचा पाय चिरला.

मग गळ्यात टेप अडकवून ते आक्कापुढे उभे राहिले. "मूठ वळ."

आक्काने मूठ वळली. मास्तरांनी माप घेतलं, मुठीचे दोन तुकडे बेतले आणि पात्याला सुतळीने नुसते बांधून आणले. ही त्यांची कच्ची शिलाई.

"कशी बसते?"

"झकास," आक्का म्हणाली.

झकास म्हटल्यावर मास्तरांनी भोकं पाडली, गोंद भरला, पितळी खिळे ठोकले. गोंद वाळल्यावर आक्काने दोडका घेतला. सुरी हातात गर्रकन फिरली आणि दोडका ओट्याखाली गेला. दोघांनीही तो उचलला नाही.

"राहू दे," आक्का म्हणाली. "लेक येतेच आहे."

मास्तर गॅलरीत जाऊन बसले. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकं बघितली होती. टेप पोटाला लागला की भलेभले श्वास ओढून पोट आत घेतात, आणि नंतर पँट घट्ट झाली म्हणून भांडायला येतात. म्हणून मास्तर गिऱ्हाइकाला आधी बोलण्यात गुंतवत, त्याचं पोट बेसावध झालं की माप घेत. आणि सख्ख्या बहिणीपुढे ते हे साफ विसरले होते. आक्काने दातओठ खाऊन मूठ वळली होती, जेवढी वळत नव्हती तेवढी.

त्यांनी मूठ उसवायला घेतली. कापड उसवताना कुणी शिव्या देत नाही, इथे मात्र प्रत्येक खिळ्याला एक लागली. पातं मोकळं झाल्यावर खिडकीच्या काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मळून त्यांनी गोळा केला आणि आत गेले.

"आक्का, हे धर जरा. डबा शोधतो."

आक्काने गोळा धरला. मास्तर कपाटात डोकं घालून म्हणाले, "लहानपणी त्या खुराड्याची कडी तूच उघडी टाकलीस. कोंबड्या पळाल्या आणि मार मी खाल्ला."

"मी? अरे, कडी मी लावली होती. अंडी चोरायला कोण गेलं होतं?"

"मी तर झोपलो होतो."

"झोपलेल्या माणसाच्या चड्डीच्या खिशात अंडं फुटतं होय? आईने उगाच नाही तुला बदडलं. अजून दोन द्यायला हव्या होत्या. मोठा आलाय साळसूद."

मास्तरांनी हळूच मागे वळून बघितलं. दोन बोटं घट्ट रुतली होती, उरलेली दोन अर्ध्यावर थांबली होती, अंगठा तिरका.

"आण तो गोळा," ते म्हणाले. "डबा काही सापडत नाही."

रविवारी भाची आली. मामाच्या हातातली सुरी बघून ती म्हणाली, "मामा, ही मूठ आहे की चावलेला बटाटा?"

एका बाजूला फुगवटा, दुसरीकडे खड्डा, अंगठ्याला तिरकी खाच. मास्तरांनी सुरी आक्कापुढे ठेवली आणि शेजारी एक लाल भोपळा ठेवला.

"भोपळा कशाला?" आक्का म्हणाली. "काकडी-बिकडी दे."

"काकडी तर मीही चिरतो."

आक्काने सुरी उचलली. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. तिने मुठीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि तिला गोळा आठवला.

"लबाडा," ती म्हणाली.

पातं सालीत शिरलं. मधे अडलं. मास्तरांचा हात नकळत पुढे गेला.

"हात मागे घे. बोट कापलं तर शिवून कोण देणार? तुला तर दिसत नाही."

तिने डावा तळवा पात्याच्या पाठीवर टेकवून जोर दिला. भोपळ्याची दोन भकलं झाली. भाची बघतच राहिली.

"आई, निघायचं ना? संध्याकाळची गाडी आहे."

"आणि एवढा भोपळा कोण संपवणार? हा? जेव आणि जा तू."

संध्याकाळी भाची एकटीच निघाली, पिशवीत अर्धा भोपळा घेऊन. ती जिन्यावरून खाली उतरेपर्यंत वरचा आवाज तिला ऐकू येत होता, "आणि ती कडी मी लावली होती, बाळ्या. दोनदा हलवून बघितली होती."