उचललेली ओळ

आंजी गावच्या भजनी मंडळात चंद्रभानजींचा आवाज असा होता, की स्पीकर बंद पडला तरी कुणाचं अडत नसे. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा त्या आवाजालाही पुरून उरला. घशात गाठ झाली, नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला. आवाज मात्र तिथेच राहिला. बदल्यात मिळालं टॉर्चएवढं एक यंत्र. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की बोललेलं ऐकू येई, पण सगळं एकाच सुरात, विहिरीवरचा पंप चालावा तसं.

चंद्रभानजींनी ते कोनाड्यात ठेवून दिलं आणि मंडळात जाणं सोडलं. देवकाबाईंनी परोपरीनं समजावलं, पण नवरा महाहट्टी. स्वप्नात मात्र ते रोज गाऊ पाहत. फुटलेल्या कपाशीतून जुना आवाज चालत येई, ओठांशी थांबे आणि परत फिरे. मग दिवसभर ते त्याची वाट बघत बसत.

अशात गावच्या बंद जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सिनेमावाले आले. माणसं हळूहळू यंत्रं होतात अशी काहीतरी गोष्ट, आणि तीही अथपासून इतिपर्यंत गाण्यात. आंजीला ती कळली नाही. पण कोरसला मंडळाला बोलावलंय म्हटल्यावर कुणी फार खोलात शिरलंही नाही. दिग्दर्शिका वेदश्रीला यंत्रातून बोलणारा माणूस हवा होता. टाळकरी कैलासनं, काहीही न विचारता, चंद्रभानजींचं नाव सांगून टाकलं.

"जाऊन त पाहा," देवकाबाई म्हणाल्या. "तिथं सारेच यंत्र हायेत. तुमाले कोन हासते?"

चंद्रभानजींना सिनेमावाल्यांची लाज नव्हतीच. ज्यांच्यापुढे आयुष्यभर गायलो, त्या मंडळानं हा आवाज ऐकायचा, याची लाज होती. तरी ते गेले. गाण्याची भूक वाईट असते.

जिनिंगच्या पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरत होतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. यंत्रं झालेली, चंदेरी रंगवलेल्या तोंडाची नटमंडळी संथ फिरत होती. आपण जागे आहोत की झोपेत, चंद्रभानजींना कळेना.

"काका, तुम्ही एकच ओळ म्हणा," वेदश्री म्हणाली. "मंडळ गप्प राहील. यंत्राला माणसं उत्तर देत नाहीत, असं दाखवायचंय."

त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. 'कोण गातं माझ्या गळ्यातून.' ओळ सपाट निघाली. संपताच जुन्या सवयीनं त्यांचा डावा हात वर गेला.

त्या हातानंतर मंडळानं ओळ कधी अधांतरी सोडली नव्हती. कैलासचा टाळ वाजला आणि सगळ्यांनी ती उचलली. पुढचा जो सूर देईल तोच मागच्यांनी धरायचा, ही तिथली रीत. म्हणून त्याच एका सपाट सुरात उचलली. सगळी शेड त्या सुरानं घुमू लागली. चंद्रभानजींना रडू आवरेना.

"गप्प राहायला सांगितलं होतं ना?" वेदश्रीनं विचारलं, पण कॅमेरा थांबवला नाही.

कैलास ओशाळला. "त्याईनं हात वर केला मॅडम. मंग चूप कसं राहाव?"

चंद्रभानजींनी डोळे पुसले, यंत्र पुन्हा गळ्याला लावलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मंडळाशी बोलले.

"कैलास, तुया टाळ मांगं पडून राह्यला."

कैलासनं पूर्वीसारखीच मान खाली घातली आणि टाळ सरसावून धरला.