गोलातली मुकी

मुकी दार वाजवायची नाही. आतून कडी लागलेली असली तर किल्ली मुठीत धरून बाहेर उभी राहायची, कुणी उघडेपर्यंत. एकदा मी खाली हॉकर सेंटरला, खायच्या टपऱ्यांकडे, जायला निघाले तर ही दारात. विचारलं, "कधीपासून उभी आहेस?"

"आत्ताच आले, आजी."

समोरच्या घरातली चिनी बाई जाळीच्या दारामागून मला खुणा करून सांगत होती, बराच वेळ झाला. मी तिथंच पोरीचं नाव मुकी ठेवलं. तिला राग आला नाही. यायला हवा होता.

सिंगापुरात क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली माझा मुलगा शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देतो. युनिव्हर्सिटी जवळ, बस खालूनच. खोलीत बऱ्याच मुली राहून गेल्या. बहुतेकींची नावंही मला आठवत नाहीत. ही परभणीकडची. वडील शाळामास्तर, घरी आई आणि धाकटी बहीण. स्कॉलरशिप मिळवून इथं आलेली, म्हणजे डोकं होतं. अंगानंही चांगली उंच, रुंद खांद्यांची, आणि ती उंची लपवायला पाठीत वाकून चालणारी. एमआरटी रेल्वेत कुणी हिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणायची.

"चालतं" हा तिचा शब्द. एकदा भाजीत मीठच पडलं नव्हतं. ती निमूट खाऊन उठली. मी जेवायला बसल्यावर मला कळलं. म्हटलं, "सांगायचं नाही का गं?"

"चालतं, आजी."

"माझी भाजी फुकट गेली आणि तुला चालतं?"

तिची आई म्हणायची, आपला आवाज शेजारी जाता कामा नये. पोरगी तेवढंच शिकून आली होती. चालतं चालतं म्हणणाऱ्या बायकांचं पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून माझा जीव तिच्यावर चडफडायचा.

ती फुटबॉलमध्ये गेली तीही या स्वभावानंच. कॉलेजच्या मुलींच्या टीमला गोलकीपर मिळत नव्हती. तिथं उभं राहायला कुणी तयार नसतं म्हणे. गोल झाला की सगळा दोष तिच्यावर. टीमची कॅप्टन नूर नावाची मलाय मुलगी होती. तिनं हिची उंची बघितली आणि म्हणाली, तू उभी राहा. हिला नाही म्हणता आलं नाही. फुटबॉल जन्मात कधी खेळली नव्हती. हातमोजे घालून उभी राहिली.

मी एकदा बघायला गेले. बॉल आला की ही डोकं खाली घालायची. गोल झाला की पळत जाऊन प्रत्येकीला सॉरी म्हणायची. गोल मारणाऱ्या पलीकडच्या पोरीलासुद्धा म्हणाली. नूर कपाळाला हात लावून म्हणाली, "सॉरी नको. ओरड."

मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण नूरनं एक गोष्ट नीट समजावली. गोलातून सगळं मैदान दिसतं. पुढच्या पोरींना पाठीमागचं दिसत नाही. म्हणून गोलातल्या मुलीनं ओरडून सांगायचं असतं, कोण कुठून येतंय, कुणी मागं सरकायचं. ती गप्प राहिली तर पुढच्या सगळ्या आंधळ्या. मुकी म्हणाली, "मला सगळं दिसतं, आजी. तोंडातून येत नाही."

ओरडणं मात्र मला येतं. मी चौथीपर्यंत शाळा केली. मग शाळेतून काढून मला ज्वारीची पाखरं राखायला शेतातल्या माळ्यावर बसवलं. सकाळपासून गोफण आणि आवाज, एवढंच काम. मी तिला म्हटलं, गळ्यातून ओरडशील तर दोन दिवसांत बसेल. पोटातून ओरड. फ्लॅटमध्ये ओरडलं तर लोक तक्रार करतात. म्हणून आम्ही दोघी संध्याकाळी कालव्याच्या कडेनं लांब चालत जायचो. मी पुढं जाऊन उभी राहायचे आणि तिनं मला हाक मारायची. पहिले काही दिवस मला काही ऐकूच आलं नाही. मी मागं वळायचे नाही. "ऐकू आलं की वळेन," असं सांगून ठेवलं होतं. एकदा ती रडकुंडीला आली आणि ओरडली, "आजी, वळा ना आता!" सायकलवरचा माणूस घाबरून उतरला. मी वळले.

इंग्रजीतून तिला ओरडता येईना. मैदानात मराठीच बाहेर पडायची. "माझा", "मागं", "डावी धर". चिनी, मलाय, तमिळ पोरी त्या शब्दांवर पळायला शिकल्या. नूर आमच्याकडे जेवायला आली की स्वयंपाकघरात मला म्हणायची, "आंटी, मागं!" आणि हसत पातेलं उचलायची. मुकीची पाठ सरळ झाली. एके दिवशी ती मला म्हणाली, "आजी, आमटी खारट आहे." मी आमटीत पाणी घातलं. मला बरं वाटलं.

टीम फारशी जिंकली नाही, हेही सांगायला हवं. एक सामना मी पाहिला. वीज पडायची भीती असली की इथं भोंगा वाजतो, तो वाजला म्हणून मध्येच खेळ थांबवला, पुन्हा सुरू केला. शेवटी दोन्हीकडे शून्य. आणि या पोरींनी मुकीला उचलून घेतलं. मी म्हटलं, "कुणीच जिंकलं नाही, मग नाचता कशाला?"

चिखलानं भरलेल्या तोंडानं ती म्हणाली, "आज कुणी आत आलं नाही, आजी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. तिला नाही, मला. तिच्या आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं होतं. मास्तर म्हणाले, "तिची परीक्षा होईपर्यंत कळू देऊ नका."

"आणि तोवर आई गेली तर?"

"नशीब तिचं. पोरीचं वर्ष वाया जायला नको. आणि हो, आईलाही ठाऊक नाही. पित्त आहे म्हणून सांगितलंय."

आपल्याकडे हे असंच करतात. मरणाऱ्याला सांगायचं नाही, लांबच्या लेकराला सांगायचं नाही, आणि याला माया म्हणायचं. मी म्हटलं, "मास्तर, मी खोटं बोलणार नाही. ती घरी आली की सांगणार." ते म्हणाले, पाया पडतो. मी फोन ठेवला.

मी तिला जेवणाआधीच सांगितलं. जेवल्यावर सांगितलं असतं तर चार घास पोटात गेले असते, पण तेवढा वेळ मीही लपवल्यासारखंच झालं असतं. ती उभी होती, खाली बसली. "आईला माहीत आहे?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग तिनं माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला. ते समजावत होते, परीक्षा दे, इथं येऊन तू काय करणार, आम्ही आहोत ना. आता ही चालतं म्हणते की काय, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बाजूला व्हा. मी येतेय."

आवाज मोठा नव्हता. पण पोटातून आला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं तिला विमानतळावर सोडलं.

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं. घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो आईला सांगत होता, पित्त आहे, उतरेल. आईनं सगळ्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर घालवलं आणि लेकीला विचारलं, "मला काय झालंय?" लेकीनं सांगितलं. आई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "मला माहेरी ने." भावाशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मास्तर नको म्हणाले, आत्यांनी रडारड केली. मुकीनं गाडी बोलावली आणि आईला घेऊन गेली. भावानं बहिणीला हातानं पेज भरवली. आई तिथंच गेली.

मुकी परत आली नाही. धाकट्या बहिणीची शाळा होती, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. पोरीनं आईला सांगितलं म्हणून ती खचली, नाहीतर अजून जगली असती, असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. मास्तर तिच्याशी बोलेनासे झाले. तिनं केलेली भाकरी खायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. इकडं तिचं कॉलेज सुटलं, इथं राहायचा पास संपला. नूर येऊन तिचं सामान बांधून गेली. खोलीत आता दुसरी मुलगी राहते.

शेवटचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आजी, सगळे म्हणतात मी आईला मारलं."

मला गोड बोलता येत नाही. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "आईनं बाकी कुणालाच विचारलं नव्हतं, आजी. मी येईपर्यंत थांबली होती."