जाळ्याचा दगड

मुरुडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा माझं आवडतं वाचन म्हणजे दुखण्यांच्या नंबरांचं पुस्तक. प्रत्येक आजाराला एक नंबर, आणि जखम असेल तर ती कशानं झाली त्यालाही वेगळा नंबर. महिनाअखेर हे सगळे नंबर वर पाठवायचे. जनावरानं लाथ मारली, झाडावरून पडला, पाण्यात बुडाला, सगळ्यांची सोय होती. डोक्यात नारळ पडलेल्याची तेवढी नव्हती, आणि आमच्याकडे ते नेहमीचंच. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात माड नसेल."

एका दुपारी कोळीवाड्यातून एका नाखव्याला झोळीत घालून आणलं. उजव्या हाताच्या चिंध्या, मांडीत भोकं. काय झालं म्हणून विचारलं, तर बायको एवढंच म्हणाली, "दगड फुटला."

त्या सुमाराला रस्त्यासाठी टेकडी फोडत होते, सुरुंगाचे बार रोज ऐकू यायचे. डॉक्टरांनी मला खाणीतल्या अपघाताचा नंबर टाकायला सांगितला आणि ते हात धुवायला गेले. दोन बोटं काही वाचली नाहीत. मांडीतला तुकडा मात्र ट्रेमध्ये टाकला तेव्हा टणकन वाजला. मी तो पुसून पाहिला. पितळेचा होता, आणि एका कडेला बारीक आटे. दगडाला आटे कुठून येणार? नसत्या चौकशा करायची माझी सवय आईला कधी आवडली नाही, पण मला काही चैन पडेना. मी पडवीत त्या बाईजवळ जाऊन बसले.

"कुठल्या खाणीवर होते ते?"

"खान कंची, बाय? होरीत बसलं हुतं. जाल्याचा दगड फुटला."

जाळं तळाला बसावं म्हणून वजन बांधतात, तो दगड. मग तो लोखंडाचा असला तरी दगडच. लढाईच्या दिवसांत तो जाळ्यात आला होता. लांबट, जड, दोरी न कापणारा. नाखवा त्याला नवी कडी ठोकत होता.

"असा एकच होता?"

"जोरी हुती. दुसरा घरान हाय. सासू सुकट कुटते त्यानं."

मी उठून डॉक्टरांना सांगितलं, दगड कसला, तोफेचा न फुटलेला गोळा होता तो. डॉक्टरांनी शिपायाला पोलिसांकडे पिटाळलं आणि मी त्या बाईबरोबर कोळीवाड्याकडे धावत सुटले. म्हातारी ओट्यावर बसली होती, पुढ्यात उखळ, हातात तो गोळा उभा धरलेला. तिला ऐकू कमी यायचं. ओरडावं तर दचकेल, म्हणून मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. सून शेजारी बसली, सासूचं मनगट हळूच धरून कानाशी म्हणाली, "आये, चा घे." म्हातारीनं कुरकुरत तो खाली ठेवला. आपटला नाही.

दोन्ही बाजूंची घरं रिकामी केली. मग लष्कराची माणसं आली, तो लांब वाळूत नेऊन त्यांनी उडवला. दवाखान्याची तावदानं हादरली. म्हातारीला नवा बत्ता कोण देणार, यावरून ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी भांडत होती.

आता नंबर बदलायचा होता. पुस्तकात लढाईतल्या जखमांचं वेगळं पान होतं. "लढाई संपून वर्षं लोटली, आणि हा मासे मारणारा," डॉक्टर म्हणाले. बराच विचार करून त्यांनी शेवटी तिथलाच नंबर टाकला. मी तो नाखव्याला कौतुकानं दाखवला.

"ह्यो नंबर जातो कुठं?"

"मुंबईला. तिथून पुढे दिल्लीला."

"मंग त्यांना कलंल ना, पान्यान आजून कुठं कुठं हायेत ते?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं, उत्तर ठाऊक असूनही. जखम कशानं झाली याला नंबर होता. कुठे झाली, अजून कुठे होईल, याला काहीच नव्हतं. "नाही कळणार," मी म्हणाले. इतक्या आवडीच्या पुस्तकाचा मला पहिल्यांदाच राग आला.

तो म्हणाला, "बरं, मी बगतो."

हात गळ्यात बांधलेला असतानाच तो बंदरावर जायला लागला. प्रत्येक होडीपाशी थांबायचा आणि म्हणायचा, "दगड दाव." लोकांना वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला.

तिसरा गोळा त्याच्या सख्ख्या भावाच्या होडीत निघाला.