पापण्या असलेला साप

महाविद्यालयाच्या प्राणीशास्त्र विभागात चारशे बारा बरण्या होत्या आणि त्यांतलं स्पिरिट बदलणारं माणूस एकच, बरणीमावशी. नवऱ्याच्या जागी लागल्या तेव्हा साप म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. सव्वीस वर्षांत काटा गेला, हातांना वास मात्र राहिला. त्या वासापायी पोटचा मुलगा आईने दिलेलं पाणीही नाक मुरडून प्यायचा.

कपाटं लावता लावता मावशी शिकल्या. बेडूक वेगळ्या फळीवर, कारण त्यांची कातडी ओली आणि अंडी बिनकवचाची. कोरडी, खवल्यांची कातडी आणि जन्मापासून फुप्फुसं असलेले सगळे एका कपाटात: कासवं, मगरी, साप, सरडे. नुसतं सरपटून कुणी सरपटणारा प्राणी होत नाही. गांडूळ काय कमी सरपटतं? मगर तर सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची, असं विभागप्रमुख सर शिकवायचे. बाकांवरची मुलं जांभया द्यायची आणि दाराशी उभ्या मावशी कान देऊन ऐकायच्या.

एकदा माळ्याने मेलेला साप आणला. सरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "सापच आहे. घाला बरणीत."

मावशी तो नळाखाली धुवायला लागल्या आणि थबकल्या.

"सर, याला पापण्या आहेत."

"मग?"

"सापाला पापणी कुठे असते? आणि हे बघा, कानाचं भोक. हा साप नव्हे, बिनपायांचा सरडा आहे."

सर हसले. मग भिंग घेऊन आले आणि त्यांचं हसू मावळलं. "कमाल केलीत मावशी! असा आपल्याकडे कुणाला मिळाला नव्हता. चिठ्ठीवर तुमचंच नाव घालतो."

प्रत्येक बरणीत शिसपेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असते: कुणी आणला, कुणी ओळखला. शेकडो चिठ्ठ्या मावशींनी स्वतः आत सोडल्या होत्या. आपलं नाव आलं की मुलाला इथे आणून दाखवायचं, तोवर चकार शब्द काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

आठवड्याने चिठ्ठी हातात आली. आणणारा माळी. ओळखणारे सर.

"सर, तुम्ही म्हणाला होतात..."

"अहो, ओळखणाऱ्याला पदवी लागते. उद्या कुणी विचारलं तर विभागाचं हसं होईल."

मावशींनी ती चिठ्ठी आपल्याच हाताने बरणीत सोडली. सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, म्हणून त्या गप्प बसल्या.

निरोपाच्या दिवशी मुलगा पहिल्यांदाच विभागात आला. सर त्याला थेट त्या बरणीपाशी घेऊन गेले. पाहुणा दिसला की त्यांना राहवत नसे. "सगळे म्हणत होते साप. मी म्हटलं, थांबा, पापण्या बघा!"

मुलाने वाकून पापण्या पाहिल्या, चिठ्ठी वाचली आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरला. सरांना तेव्हा कुठे शेजारी उभ्या मावशी दिसल्या. ते भिंतीवरचा तक्ता सरळ करायला वळले.

"आई," मुलगा म्हणाला, "सव्वीस वर्षं एवढ्या मोठ्या माणसाजवळ होतीस. काहीतरी शिकून तरी घ्यायचंस!"

"राहूनच गेलं रे," मावशी म्हणाल्या.